साठ टन उसाचं ग्राफिक कार्ड

२०२५-२६च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. त्याच २०२५च्या जानेवारीत एनव्हिडिया कंपनीने आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक कार्ड जाहीर केलं आणि भारतासाठी त्याची किंमत सांगितली २,१४,००० रुपये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की साठ टन ऊस येतो, आणि हा दर तोडणी-वाहतूक कापली जाण्याआधीचा आहे. एकरी चाळीस टन धरले तर दीड एकराचं वर्षभराचं पीक फूटभर लांबीच्या एका कार्डात जिरलं. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०मध्ये सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, त्या नगर जिल्ह्यात असा भागाकार कुणाला शिकवावा लागत नाही. पण कम्प्युटर घेताना तो कुणी मांडत नाही, कारण तिथे दुकानदार, यूट्यूब आणि घरातलं पोरगं हे तिघे एकाच बाजूने बोलत असतात.

हा प्रश्न चैनीच्या चार घरांपुरता राहिलेला नाही. कागदोपत्री अहिल्यानगर झालेल्या नगरच्या सावेडीत, आणि लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट अशा ठिकाणी, जिथे १९८३च्या सुमारास निघालेल्या कॉलेजांमुळे घराघरात इंजिनिअरिंगची भाषा पोचली, तिथे बारावीनंतरची दिवाळी ही पीसी असेंबल करण्याची दिवाळी असते. यादीत कॅबिनेट, एसएमपीएस, रॅम यांवर कुणाचं भांडण नसतं. भांडण ग्राफिक कार्डावर होतं, कारण कम्प्युटरच्या बाकी सगळ्या ऐवजाइतकी किंमत त्या एकट्याची असू शकते. माझं म्हणणं असं, की गेम खेळण्यासाठी हे महागडं कार्ड बहुतेकांना परवडत नाही हा मुद्दा दुय्यम आहे. ज्याला परवडतं त्याच्याही पदरात त्यातून फारसं पडत नाही. आणि हे समजून घ्यायचं तर हिशेब कार्डापासून सुरू करायचा नाही. पडद्यापासून मागे यायचं.

खेळात ग्राफिक कार्ड एकच काम करतं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा, आणि हे सेकंदाला शक्य तितक्या वेळा करायचं. नेहमीचा फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार ठिपके. ४के पडद्यावर ते बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख. ५०९० सारखं कार्ड बनवलेलं आहे ते या ८३ लाख ठिपक्यांसाठी. चाचण्या घेणाऱ्यांनी ते ४के पडद्यावर आधीच्या ४०९०शी ताडून पाहिलं तेव्हा साधारण पाव ते तिसरा हिस्सा जास्त वेग मिळाला. फुल एचडीवर हीच आघाडी आक्रसत गेली. कारण तिथे कार्ड रिकामं बसतं आणि प्रोसेसरची वाट बघतं. शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल: मोटर दहा एचपीची, पाइप दोन इंची. पाणी पाइपाएवढंच येणार. स्टीम या गेमच्या बाजारपेठेकडून दर महिन्याला खेळाडूंच्या यंत्रांची पाहणी जाहीर होते. तिच्यात आजही निम्म्याहून अधिक लोक फुल एचडी पडद्यावर खेळताना दिसतात, आणि सर्वाधिक वापरातली कार्डं ३०६०, ४०६० या इयत्तेतली असतात. ही पाहणी जगभरची आहे. म्हणजे नगरचा पोरगा ज्याला आपली गरिबी समजून हळहळतो, ती जगातली सर्वसाधारण स्थिती आहे.

एफपीएस हा शब्दही असाच जवळून बघायला हवा, कारण दुकानात सगळा सौदा त्यावर होतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर चित्राला १६.७ मिलिसेकंद. १४४ चित्रं म्हणजे ६.९. या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात आणि हाताला तो फरक कळतो, यात शंका नाही. १४४ वरून २४० वर गेलं की वाचतात २.८. आकडा ९६ने वाढला, फायदा तीन मिलिसेकंदांच्या आत. पैसे मात्र वाढत्या आकड्याचे मोजायचे. त्यातही ज्या खेळांत मिलिसेकंदाला खरोखर किंमत आहे, ते खेळ मुळात हलके असतात. व्हॅलोरंट १४४ एफपीएसच्या वर चालवायला रायट गेम्सने स्वतः सांगितलेलं कार्ड आहे जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ सालचं. जीटीए ५ पीसीवर आला एप्रिल २०१५मध्ये, आणि तेव्हा शिफारस होती दोन जीबीच्या जीटीएक्स ६६०ची. गेमिंग कॅफेत सर्वाधिक तास ज्यांवर जातात ते खेळ पाहिले, तर लाखाचं कार्ड तिथे गणपतीच्या मिरवणुकीत आणलेल्या रोडरोलरसारखं दिसेल.

मग मोठे, देखणे, गोष्ट सांगणारे खेळ? त्यांना तर जोर लागतोच ना? लागतो, पण किती लागणार हे पीसीवाला ठरवत नाही. आजचे मोठे खेळ आधी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठी बांधले जातात, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला, पीसीवर दीड वर्षाने. जीटीए ६ची घोषणा झाली तीही कन्सोलचीच. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आलं, सगळ्या यंत्रासकट. जो खेळ त्या डब्यावर नीट चालायलाच हवा, तो पीसीवर त्याच ताकदीच्या कार्डावर चालणारच. धंद्याचं गणित त्याला दुसरीकडे जाऊ देत नाही. सेटिंगमध्ये ‘अल्ट्रा’ नावाचा जो शेवटचा टप्पा असतो तो या पायावर चढवलेला कळस आहे. ‘हाय’ आणि ‘अल्ट्रा’ शेजारी ठेवून, चित्र थांबवून, बोट ठेवून दाखवावं लागतं. खेळताना गोळ्या सुटत असतात, तेव्हा डबक्यातलं प्रतिबिंब कुणी तपासत नाही.

देखणेपणाबद्दल जवळचंच एक उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२०मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर. राजस्थानी वाडे-महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग, मधल्या कथाभागासाठी सावल्यांच्या बाहुल्या. स्विच हे हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. एका जुन्या पिवळ्या बल्बएवढीही वीज ते खात नाही. डोळ्यांना जे सुंदर वाटतं ते चित्रकाराच्या डोक्यातून येतं, आणि ग्राफिक कार्डाच्या जाहिरातीत ही गोष्ट कधीच नसते.

जाहिरातीत असतं ते वेगळंच. ५०९० बरोबर ५०७० हे कार्डही जाहीर झालं, भारतात ५९,००० रुपयांना, आणि एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितलं की याची कामगिरी ४०९०च्या तोडीची आहे. ४०९० हे २०२२मध्ये १,५९९ डॉलरला आलेलं कार्ड. एवढा चमत्कार कसा झाला? डीएलएसएस ४मुळे. यात कार्ड दोन चित्रं खरी काढतं आणि त्यांच्या मध्ये तीनपर्यंत चित्रं अंदाजाने भरतं. पडद्यावर १२० आकडा दिसतो, त्यातली खरी चित्रं ३० असू शकतात. हालचाल गुळगुळीत दिसते हे कबूल. पण माउस हलवल्यावर खेळाने दिलेला प्रतिसाद त्या खऱ्या ३० चित्रांच्याच गतीने येतो, किंबहुना थोडा उशिराच, कारण मधली चित्रं भरायला पुढचं खरं चित्र थोपवून धरावं लागतं. दुधात पाणी घातलं की लिटर वाढतात, फॅट वाढत नाही; संकलन केंद्रावर रोज सकाळी फॅट लावून घेणाऱ्या जिल्ह्याला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही. डीएलएसएसचा दुसरा भाग, लहान चित्र काढून ते मोठं करण्याचा, मात्र खरोखर कामाचा आहे. गंमत अशी, की त्याचा जास्त उपयोग स्वस्त कार्डालाच होतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ही किंमत एवढी का? खेळ तेवढे जड झाले म्हणून नव्हे. जानेवारी २०२०मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री १,०९२ कोटी डॉलर होती आणि त्यात गेमिंगचा वाटा ५५२ कोटी, म्हणजे निम्मा. जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात विक्री १३,०५० कोटी डॉलरवर गेली. गेमिंग १,१३५ कोटी, म्हणजे शंभरातले नऊसुद्धा नाहीत. बाकीचा डोंगर डेटा सेंटरचा, एआयचा. लांब कशाला, पनवेलच्या योट्टा डेटा सेंटरने २०२३मध्ये एच१०० जातीच्या १६ हजारांवर चिपा मागवल्या आणि पहिली खेप मार्च २०२४मध्ये उतरली. या चिपा आणि खेळाच्या कार्डाच्या चिपा एकाच तैवानी कारखान्यात, टीएसएमसीत घडतात. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली. ज्याच्या उसाला दर जास्त त्याची मोळी आधी. ५०९०ची ३२ जीबी मेमरी एआयवाल्यांनाही हवी असते, म्हणून ती किंमत गेम खेळणाऱ्याच्या ऐपतीवर ठरतच नाही. जो हौशी माणूस दोन लाख मोजतो, तो नकळत एका वेगळ्याच धंद्याच्या लिलावात बोली लावत असतो. त्यावर रुपयाची घसरण. २०१६मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, आता ८५च्या पुढे आहे. आणि १८ टक्के जीएसटी, जो सप्टेंबर २०२५च्या फेरबदलातही कार्डांसाठी जागचा हलला नाही.

इथे स्वस्ताची बाजू घेणाऱ्यांनीही सावध राहायला हवं, कारण स्वस्तात वेगळी फसगत आहे. २०१६ साली जीटीएक्स १०७० आलं ८ जीबी मेमरी आणि ३७९ डॉलर किमतीला. २०२५ साली आरटीएक्स ५०६० टीआयचा धाकटा प्रकार आला, ८ जीबी मेमरी आणि ३७९ डॉलरलाच. वेग दुपटीहून अधिक वाढला, पण सामान ठेवायची खोली नऊ वर्षांत इंचभर वाढली नाही. नवे खेळ पृष्ठभागांची चित्रं त्या मेमरीत ठेवतात. ती भरली की खेळ धक्के खात चालतो, आणि मग कार्ड कितीही चपळ असो. म्हणून तीस हजारांच्या घरातलं ८ जीबीचं कार्ड फुल एचडीवर आज चालेल, पण चार-पाच वर्षं काढायची असतील तर २०२५मध्ये चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आसपास मिळणारी १६ जीबीची कार्डं बघावीत: ५०६० टीआयचाच थोरला प्रकार, किंवा एएमडीचं ९०६० एक्सटी. त्याच्या वर प्रत्येक दहा हजारांना मिळणारा खेळाचा आनंद झपाट्याने घटत जातो. माझ्या लेखी कुंपण तिथे पडतं.

किमतीचा दुसरा हप्ता महावितरणकडे भरायचा असतो. ५०९० पूर्ण जोरात ५७५ वॉट खातं. रोज तीन तास धरले तर महिन्याला जवळपास ५२ युनिट, एकट्या कार्डाचे. १४५ वॉटचं ५०६० तेवढ्याच वेळात १३ युनिट. घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, त्यापुढचे सुमारे दुपटीने महाग. त्यामुळे ज्या घराचं बिल नव्वद युनिटांशी थांबत होतं, तिथे हे वरचे युनिट बहुतेक महागड्या टप्प्यातच पडतात. फरकाच्या ३९ युनिटांना दहा-अकरा रुपये धरले तरी महिन्याचे चारशेच्या घरात जातात. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने २०११पर्यंत या जिल्ह्याच्या मोठ्या भागात स्वतः वीज वाटली. तिथल्या लोकांना बिलाची मागची बाजू वाचायची सवय असायला हरकत नाही. शिवाय ते ५७५ वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतात. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या नगरमध्ये हे म्हणजे पाणी तापवायचा अर्धा रॉड टेबलाखाली लावून बसणं. लाइट गेल्यावरचं वेगळंच. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. या कार्डासमोर तो क्षणभरही टिकणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. घरच्या २३० व्होल्टच्या तारेतून ५७५ वॉट जायला अडीच अँपिअर पुरतात. कार्डाला वीज मिळते १२ व्होल्टने, म्हणजे जवळपास ४८ अँपिअर, आणि ते जातात करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या कनेक्टरमधल्या सहा तारांतून. तारेला आठ-आठ अँपिअर. एखादी पिन नीट बसली नाही की तिचा वाटा बाकीच्यांवर पडतो. फेब्रुवारी २०२५मध्ये कार्ड बाजारात आल्या आल्या कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी निघाल्या त्या बहुधा यामुळे. तीन फेजमधला एक फेज गेल्यावर मोटरचं काय होतं हे पाहिलेल्या माणसाला या बातमीत आश्चर्य वाटलं नसेल.

यावर जी उत्तरं येतात त्यातलं पहिलं असं, की आत्ता एकदाच चांगलं घेतलं की दहा वर्षं बघायला नको. ऐकायला शहाणपणाचं आहे, आणि विहिरीच्या बांधकामाला लागूही पडेल. कार्डाला पडत नाही. जीटीएक्स १०८० टीआय हे मार्च २०१७मधलं ६९९ डॉलरचं, त्या काळचं राजेशाही कार्ड. डिसेंबर २०२४मध्ये इंडियाना जोन्सचा नवा खेळ आला, त्याला प्रकाशकिरणांचं गणित कार्डातच करणारी सोय लागते. १०८० टीआयमध्ये ती नाही. त्याच खेळाने सांगितलेली किमान पात्रता आहे आरटीएक्स २०६० सुपर, २०१९मधलं ३९९ डॉलरचं. महागडं कार्ड ताकद कमी पडून मागे राहिलं नाही. तंत्राने रस्ता बदलला आणि ते जुन्या रस्त्यावर उभं राहिलं. दोन लाख एकदम घालण्यापेक्षा चाळीस हजार दर चार-पाच वर्षांनी घालणारा माणूस दरवेळी नव्या रस्त्यावर असतो. विकताना किंमत येते, हेही सांगतात. ४०९०ला ती आली, खरं आहे, एआयच्या मागणीमुळे आली. पण सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हा तीच सेकंडहँड बाजारपेठ रात्रंदिवस राबवलेल्या कार्डांनी भरून वाहत होती. अशा भरवशावर घेणं ही सट्टेबाजी, खरेदी नव्हे.

दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे: कार्ड कामालाही येईल. लग्नाचं शूटिंग करून एडिट करणारा, ब्लेंडरमध्ये थ्रीडी करणारा, घरांचे आराखडे रंगवून देणारा, यांच्यापुरता मी माझा शब्द मागे घेतो. रेंडरला लागणारे सहा तास दोनवर आले तर महिन्यात दोन कामं जास्त होतात, आणि जीएसटी नोंदणी असेल तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं. तिथे कार्ड म्हणजे लेथ मशीन. पण हा युक्तिवाद बहुधा ज्याच्या तोंडून येतो तो एडिटिंगचा धंदा करत नसतो. ‘पुढेमागे शिकेन’ म्हणत असतो. शिकण्यापुरतं एआय करायला गुगल कोलॅबवर १६ जीबीचं टी४ कार्ड फुकट वापरायला मिळतं, आणि घरच्या १६ जीबी कार्डावर मध्यम आकाराची भाषा-मॉडेलं नीट बसतात. शिक्षणाच्या नावाने घरून पैसे काढायला माझी हरकत नाही, फक्त आकडा शिक्षणाएवढाच असावा.

राहिलं शेवटचं उत्तर, हौसेला मोल नसतं. ते खोडायचं कारणच नाही. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीवर शिक्कामोर्तब केलं आणि शर्यतीच्या खोंडाला लाखांनी बोली लागते हे आपण बघतोच. पण तो खोंड घेणारा माणूस, यानं नांगरट वेगात होईल, असं बायकोला सांगत नाही. काचेच्या कॅबिनेटमध्ये दिवे लावून ५०९० बघत बसण्यात ज्याला सुख आहे त्याने खुशाल घ्यावं, नाव मात्र खरं सांगावं. खेळासाठी घेत असेल तर आधी ४के किंवा निदान फुल एचडी आणि ४केच्या मधला १४४०पी पडदा, तो पेलणारा प्रोसेसर, दणकट एसएमपीएस, मोठा यूपीएस, आणि त्या खोलीत अर्थिंग आहे का हे बघणारा वायरमन, असा क्रम लागतो. एवढं झाल्यावर पाकिटात जे उरेल ते कार्डाचं बजेट.

दिवाळीच्या साफसफाईत मॉनिटर टेबलावरून पुढे ओढला जातोच. तेव्हा मागच्या लेबलावरचा मॉडेल नंबर टिपून घ्यावा आणि तो पडदा किती ठिपक्यांचा, किती हर्ट्‌झचा आहे ते पाहून ठेवावं. नंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघावं. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणून वर्षानुवर्षं ६० वर चालवणारी घरं काही कमी नाहीत. आणि एचडीएमआयची केबल कार्डाच्या पोर्टात आहे की वरच्या मदरबोर्डच्या, तेही बघावं. वरच्या पोर्टात असेल तर आहे ते कार्डच अजून कामाला लागलेलं नाही.